दलाली किती, हा नंतरचा प्रश्न

ब्रोकर निवडायला बसलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, दलाली किती? हा प्रश्न आता बराचसा निकालात निघाला आहे. २०१० साली बेंगळुरूत झिरोधा सुरू झाली. सौदा कितीही मोठा असो, एका ऑर्डरला फार तर वीस रुपये, असा तिचा हिशोब. २०१५च्या अखेरीस डिलिव्हरीवरची, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्यावरची, दलालीही तिने काढून टाकली.

आज अशा ब्रोकरकडे एक लाखाचे शेअर डिलिव्हरीत घेतले, की कॉन्ट्रॅक्ट नोटवर दलालीच्या रकान्यात शून्य दिसतं. त्याखाली मात्र एसटीटी, म्हणजे शेअर-व्यवहारावरचा कर, १०० रुपये, मुद्रांक शुल्क १५ रुपये. हे सरकारचे पैसे. ब्रोकर बदलून ते वाचत नाहीत. विकताना एसटीटी पुन्हा भरायचा, शिवाय डीमॅट खात्यातून शेअर काढल्याचा डीपी चार्ज. तो बहुधा टक्क्यांत नसतो, ठरावीक असतो. म्हणजे दोन हजारांचे शेअर विकणाऱ्यालाही दोन लाखवाल्याइतकाच बसतो. किरकोळ विक्री करणाऱ्याने दरपत्रकातली ही ओळ आधी वाचलेली बरी.

मोठं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हैदराबादची कार्वी काही कोपऱ्यातली पेढी नव्हती. आयपीओचे अर्ज भरणाऱ्या पिढीला हे नाव पाठ होतं. नोव्हेंबर २०१९मध्ये बाजाराची नियामक असलेल्या सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. खातं उघडताना ग्राहकांनी न वाचता सह्या केलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर कार्वीने त्यांचे शेअर वळवले आणि ते तारण ठेवून कर्ज उचललं. आकडा २,००० कोटींच्या पुढचा. डिसेंबरात सुमारे ८३ हजार ग्राहकांच्या खात्यांत शेअर परत आले, बाकीचे ताटकळले. मे २०२३मध्ये कार्वीची नोंदणीच रद्द झाली.

आता मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय आलं आहे. त्यातले अधिकार मर्यादित आहेत आणि ते देणं सक्तीचं नाही. न दिल्यास विकताना पिन आणि ओटीपी टाकावा लागतो. एवढी कटकट सोसावी. डीडीपीआयवर सही आजच हवी म्हणून जो मागे लागतो, तो ब्रोकर टाळावा.

फ्युचर्स-ऑप्शन्सचं बटण तर नवख्याने सुरूच करू नये. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं सेबीचीच पाहणी सांगते. ऑर्डरमागे पैसे घेणाऱ्याला मात्र ग्राहक हरला तरी वीस रुपये मिळतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेलं ॲप उतरवण्याआधी ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा. आणि ज्यांचं खातं आधीच आहे, त्यांनी डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून ई-मेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट आज रात्री उघडावं, ॲपमधल्या शेअरशी एकेक नाव ताडून पाहावं.