पटावरून गळालेली नावे

(येलदरी, जि. परभणी येथे शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गुरुमहिमा हा आपल्या समाजाचा आवडता विषय आहे. गुरुपौर्णिमा असो वा पाच सप्टेंबर, व्यासपीठावरून चांगल्या शिक्षकांच्या आठवणी सांगितल्या जातात, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि सभा संपते. या आठवणी सांगायलाच हव्यात. परंतु पंचवीस-तीस वर्षांनी चार वर्गमित्र एकत्र बसले, की पहिली आठवण निघते ती बहुधा दुसऱ्याच कुणा गुरुजींची. त्यांची छडी, त्यांनी मुलांना ठेवलेली नावे, भर वर्गात उच्चारलेले एखादे वाक्य निघते आणि सगळे हसतात. त्या चौघांतला एखादा मात्र हसत नाही, गप्प होतो. आजचे विवेचन त्या गप्प होणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आहे.

हा विषय शिक्षकांसमोरच मांडणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण येलदरीत तसे वाटण्याचे कारण नाही. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. भिंत कितीही भक्कम असली, तरी तिच्यातून किती पाणी पाझरते याची नोंद नियमित ठेवावी लागते, हे या गावाला सांगायला नको. पाझर मोजण्याने धरणाचा अपमान होत नाही. न मोजण्याने मात्र धरणाला धोका होतो. शाळेच्या भिंतीतूनही काही पाझरत असते. त्याची नोंद घेण्याचे धैर्य शिक्षकांनीच दाखवावे लागेल.

परंपरेने लपविले नाही

गुरूला परब्रह्म मानणाऱ्या आपल्या परंपरेने वाईट गुरूंच्या कथाही झाकून ठेवलेल्या नाहीत. प्रल्हादाची भक्ती सर्वांना ठाऊक आहे. त्याचे शिक्षक कोण होते, हे फारसे कुणी सांगत नाही. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क हे त्याचे अध्यापक. विद्वान कुळातले, राजवाड्यात नेमलेले. राजासमोर प्रल्हाद शिकविलेल्यापेक्षा निराळे बोलला, तेव्हा भागवतातील हा गुरुपुत्र छडी मागवितो आणि कारण देतो ते असे, की या मुलामुळे आपली अपकीर्ती होत आहे. मुलाचे म्हणणे खरे की खोटे, याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. राजा काय म्हणेल, एवढीच चिंता.

महाभारताने तर द्रोणाचार्यांसारख्या महापुरुषालाही सूट दिली नाही. अर्जुनाला अजिंक्य करण्याचा शब्द पाळण्यासाठी त्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला. ज्याला शिकविलेच नाही, त्याच्याकडून दक्षिणा घेतली. व्यासांनी हा प्रसंग गाळला असता, तर द्रोणांची मूर्ती अधिक उजळ राहिली असती. त्यांनी तो गाळला नाही. गुरूविषयी आदर राखूनही गुरूचा दोष सांगता येतो, हा धडा त्यातून घ्यायचा.

भ्यालेले शिक्षक, अडून बसलेले शिक्षक

भागवतातील त्या छडीचे आधुनिक रूप महात्मा गांधींच्या आत्मकथेत भेटते. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाईल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीसाठी आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहनदासने चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खूण केली, शेजाऱ्याच्या पाटीवर पाहून दुरुस्त कर. शिक्षक वर्गात उभे असतात ते मुलांनी एकमेकांचे पाहू नये म्हणून, अशीच त्या मुलाची समजूत. त्यामुळे खूण त्याला कळलीच नाही. बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर निघाले आणि मूर्ख ठरला तो एकटा. पुढे त्या शिक्षकांनी त्याला त्याचा मूर्खपणा समजावून सांगण्याचा प्रयत्नही केला.

हे शिक्षक दुष्ट नव्हते. ते भ्यालेले होते. तपासणीत शाळेचा निकाल कसा दिसेल, या भीतीने त्यांनी मुलाला असत्याची दीक्षा द्यायचे ठरविले. मराठवाड्याला हा प्रकार अपरिचित नाही. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीचे अभियान राबवावे लागले, ते केवळ विद्यार्थ्यांमुळे नव्हे. निकालाच्या टक्केवारीला भ्यालेले मोठे लोकही त्या रोगाचे वाहक होते.

दुसरा प्रकार चूक कबूल न करणाऱ्यांचा. लोकमान्यांच्या शाळेतील प्रसंग त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळतो. शुद्धलेखनात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला. बाळ टिळकांनी ‘संत’, ‘सन्त’ आणि ‘सन्‌त’ अशा तीन रीतींनी तो लिहिला. शिक्षकांनी एकच रूप ग्राह्य धरले. मुलगा वाद घालू लागला, तेव्हा तो हट्टी ठरला. शेंगांच्या टरफलांची कथा तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. ती सांगताना टिळकांच्या बाणेदारपणाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या कथेत एक शिक्षकही आहे. कुणी कचरा केला याचा शोध घेण्याऐवजी सगळ्या वर्गाला सारखीच शिक्षा देणारा. त्याच्याविषयी कुणी बोलत नाही, कारण तसे शिक्षक आपल्याला फारच नेहमीचे वाटतात.

आधीच दिलेला निकाल

भीती आणि अहंकार हे दोन्ही दोष मनुष्यस्वभावाचे आहेत. तिसरा प्रकार अधिक भयंकर आहे. मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा निकाल लावून मोकळा झालेला शिक्षक.

धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत पायी गेले. तेथे वय सतरापेक्षा कमी दिसते, म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. त्या मुलाला काय येते, हे कुणी विचारलेच नाही. तो कसा दिसतो, एवढेच पाहिले.

त्याच साताऱ्यात काही वर्षांनी भीमराव आंबेडकर शाळेत जाऊ लागले. घरून आणलेल्या गोणपाटावर सर्वांपासून वेगळे बसायचे. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी पुरेशी नव्हती. नळ उघडायला शिपाई हवा. शिपाई नसेल, तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलविण्यासाठी वर्गातल्या मुलांनी गलका केला, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वप्रयत्नाने शिकले. ज्या भाषेला आपण देववाणी म्हणतो, तिच्या दारातून एका बुद्धिमान मुलाला परत पाठविणारे हात शिक्षकांचे होते. हिंदू समाजाने या आठवणीपुढे मान खाली घालून उभे राहिले पाहिजे. कोणत्याही शत्रूने या समाजाचे केले नसेल इतके नुकसान अशा वर्गखोल्यांनी केले.

आणि त्याच आयुष्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही शिक्षकच होते. बागेत वाचत बसलेल्या मुलाची विचारपूस करणारे, आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट देणारे, त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी खटपट करणारे. काळ एकच, समाज एकच. म्हणून ‘तेव्हा सगळेच तसे वागत’ ही सबब टिकत नाही. तेव्हाही निराळे वागणारे होते.

मराठवाड्याने हा आधीच दिलेला निकाल भाषेच्या रूपाने भोगला. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. घरी, शेतात, देवळात मराठी बोलणारा मुलगा शाळेत गप्प बसे आणि त्याचे गप्प बसणे म्हणजे मंदपणा ठरे. दोष उर्दू भाषेचा नव्हता. मुलाच्या तोंडची भाषा हिशेबातच न धरण्याचा होता. त्याला उत्तर म्हणून औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवन उभे राहिले, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा मुख्याध्यापक तिला लाभला.

१७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. पण आज जिंतूर तालुक्यातील तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलत पहिलीच्या वर्गात येते आणि त्याच्या उच्चाराला वर्ग हसतो, तेव्हा गुरुजींनी त्या हसण्यात भाग घेतला, तर निराळे काय घडले?

ज्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही

येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. टिळकांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले. शाळेला विटलेल्या रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात विद्यालय सुरू केले. ज्यांना शाळेत पाणी मिळाले नाही, त्या बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मग टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हेच खरे नाही का?

हे खरे नाही. या थोरांनी कटू आठवणींतून सूड न उगवता शाळा उगवल्या, हे त्यांचे मोठेपण. त्याचे श्रेय घाव घालणाऱ्याला देता येत नाही. शिवाय ही सारी उदाहरणे आपल्यापर्यंत पोहोचली, ती ही माणसे टिकली म्हणून. आत्मचरित्र टिकलेला माणूस लिहितो. जो सातवीत ‘तुझ्या बापाने तरी कधी पुस्तक पाहिले होते का’ हे ऐकून दुसऱ्या दिवशी गुरे घेऊन रानात गेला, त्याचे आत्मचरित्र कुठल्याही ग्रंथालयात नाही. त्याची नोंद एकाच ठिकाणी असते. हजेरीपटावर आधी गैरहजेरीच्या खुणा पडतात आणि मग नाव कमी होते. कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ किंवा ‘स्थलांतर’ असे शब्द येतात. ‘अपमान’ हा शब्द त्या रकान्यात कधी लिहिला जात नाही.

दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला कोयता घेऊन निघतात. मुले बरोबर जातात. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांनी काही मुले वाचविली, सर्व नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परत येतात, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. अशा मुलाचे दारातच स्वागत होते ते ‘आले का पाहुणे’ अशा शब्दांनी. बोलणाऱ्याच्या मनात फारसे काही नसते. तासाभरात तो ते विसरतो. मूल विसरत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या स्मरणाचा हिशेब असा विषम आहे.

करण्याजोगे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. कायद्याचा धाक छडी खाली ठेवायला लावू शकतो. जिभेवर पहारा ज्याचा त्यानेच बसवावा लागतो. शिक्षकांची गाऱ्हाणी खोटी नाहीत. अनेक वर्ग एकट्याने सांभाळणे, अशैक्षणिक कामे, कागदपत्रांचे ओझे यांनी माणूस वैतागतो. पण त्या वैतागाचा भार वर्गातल्या सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही.

ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघरमधील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दूषणे दिली नाहीत. कुरणातच शाळा नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या मातीतून आले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेत काय कमी आहे, असा प्रश्न त्यांनी प्रथम स्वतःला विचारला.

हा प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही. प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेचे जुने हजेरीपट एकदा उघडावेत. गळालेल्या नावांपैकी दोन-तीन नावे निवडावीत. ती मुले आज याच परिसरात असतील, कुणी धरणावर मासेमारी करीत असेल, कुणी ट्रॅक्टर चालवीत असेल. त्यांच्या घरी जाऊन बसावे आणि शाळा का सुटली, हे विचारावे. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये. फक्त ऐकावे. आणि त्याचे मूल शाळेच्या वयाचे असेल, तर जून महिन्यात त्याला स्वतः हाताला धरून वर्गात आणावे.

गांधीजींनी त्या केटलच्या शिक्षकांविषयी लिहिले आहे, की त्या प्रसंगाने त्यांच्याविषयीचा आपला आदर कमी झाला नाही. विद्यार्थी असे उदार असतात. त्या उदारपणाच्या आधारावर शिक्षकाने आपला हिशेब मात्र मांडू नये. पुढच्या पिढीतले चार वर्गमित्र एकत्र बसतील, तेव्हा आपले नाव निघाल्यावर त्यांच्यातला कोण गप्प होईल, याचा विचार करीत उद्या सकाळी प्रत्येकाने हजेरीपट उघडावा.