जाहिरातीतील घोडा आणि जाहिरातीतील स्वार

घोडा विकणाराच्या जिभेवर विश्वास ठेवू नये, ही शिकवण घोड्यांच्या व्यापाराइतकीच जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने आपल्या लष्करात दोन चाली कडकपणे पाडल्या. सरकारी तैनातीतील घोड्याच्या अंगावर डाग द्यावयाचा आणि स्वाराची हुलिया, म्हणजे चेहरेपट्टी, दप्तरात लिहून ठेवावयाची. याचे कारण उघड होते. हजिरीच्या दिवशी उमदे जनावर दाखवून पगार उचलावा आणि मोहिमेच्या वेळी भाड्याचे तट्टू आणून उभे करावे. कागदावर नाव एकाचे असावे आणि खोगिरावर दुसराच कोणी बसावा, असे प्रकार सर्रास चालत. पुढे सोळाव्या शतकात अकबरालाही डागाची हीच पद्धत पुन्हा अमलात आणावी लागली. घोडा खरा कोणता आणि स्वार खरा कोण, हा प्रश्न असा सातशे वर्षांचा जुना आहे. फरक इतकाच की, पूर्वी तो बादशहाच्या बक्षीला पडे. आज तो हातातल्या फोनच्या पडद्यावर जाहिरात पाहणाऱ्या कोणाही गृहस्थास पडतो.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात बैल हा घरचा आणि घोडा हा पाहुणा. पोळ्याला पूजा होते ती बैलाची. 'आदत', 'दोन दाती', 'चार दाती', 'जुळलेला' ही बैलाच्या वयाची परिभाषा येथील शेतकऱ्याच्या पोरालाही तोंडपाठ असते. सरकीपासून ओढलेला धागा दोन बोटांत ताणून कापसाची प्रत सांगणारे जाणते शेतकरीही गावोगाव आढळतात. परंतु घोड्याच्या बाबतीत हे ज्ञान फार थोड्या घरांत उरले आहे. टांगे गेले, डाकेची तट्टे त्याहूनही आधी गेली. आज घोडा लागतो तो मुख्यतः नवरदेवाच्या वरातीला, क्वचित एखाद्या हौशी बागाईतदाराला, आणि अलीकडे शहरातील सुखवस्तू आईबापांना, ज्यांच्या मुलांना रपेट शिकावयाची असते. गरज थोडी, पारख त्याहून थोडी, आणि हौस मात्र मोठी! फसवणुकीच्या पिकाला याहून उत्तम जमीन ती कोणती?

घोडा घ्यावयाचा तर पूर्वी जत्रेला जात, आणि आजही जाणते लोक जत्रेलाच जातात. पुसद-उमरखेडकडच्या लोकांना पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जवळ पडते. मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार असतो. त्याच महिन्यात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेथील घोडेबाजाराला दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी येतात. या बाजारांतले सगळेच व्यापारी सत्यवचनी असतात असे मुळीच नाही. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची हत्ता पद्धत ही काही उघड्या व्यवहाराची खूण नव्हे. परंतु बाजाराचे एक मोठे उपकार आहेत. तेथे जनावर समोर उभे असते. त्याला चालविता येते, पळविता येते, त्याचे तोंड उघडून दात पाहता येतात. शेजारी चार अनुभवी माणसे उभी असतात आणि न विचारताही सल्ला देतात. 'घोडामैदान जवळ आहे' ही म्हण अशाच अनुभवातून निघाली असावी. जाहिरातीत घोडा आहे, पण मैदान नाही. आणि सगळी मेख तेथेच आहे.

या जाहिरातींचे साधारणतः चार प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात घोडा मुळी अस्तित्वातच नसतो. कोठल्या तरी तबेल्यातील सुरेख जनावराचे छायाचित्र उचलून जाहिरातीत घातलेले असते. किंमत बाजारभावाच्या निम्मी. इतक्या स्वस्तात विकण्याचे कारण विचारले की उत्तर तयार असते: 'सैन्यात आहे, बदलीचा हुकूम आला आहे.' सैनिकाविषयी जनतेच्या मनात जो आदर आहे, त्यालाच या लोकांनी भांडवल केले आहे. ओळखपत्राचे छायाचित्रही पाठविले जाते. तेही चोरलेले किंवा बनावट. मग पैशांची मागणी सुरू होते. आधी विसार, मग गाडीभाडे, मग वाटेतील विमा, मग पशुवैद्याचा दाखला. प्रत्येक रक्कम लहान असते, आणि मागची बुडू नये म्हणून माणूस पुढची भरीत जातो. घोडा काही दारी येत नाही.

दुसऱ्या प्रकारात विकणाराच फसतो. एखाद्याने आपली घोडी विकावयास काढली की तासाभरात गिऱ्हाइकाचा फोन येतो. भावाची घासाघीस नाही, घोडी पाहण्याची इच्छा नाही. 'पैसे पाठवितो, ही चौकोनी खूण स्कॅन करा आणि पिन टाका,' एवढेच सांगणे. येथे एकच गोष्ट मनावर कोरून ठेवावी. यूपीआयच्या व्यवहारात पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. जो पैसे देण्याचे निमित्त करून पिन टाकावयास सांगतो, तो देणारा नव्हे, नेणारा आहे. शिवाय जनावर न पाहता मागितलेली किंमत देणारे गिऱ्हाईक हे स्वतःच एक संशयास्पद वस्तू होय.

तिसरा प्रकार जुना आणि अधिक कसबाचा. येथे घोडा असतो, पण जाहिरातीत म्हटलेला तो नसतो. 2022 साली पंजाबात संगरूर जिल्ह्यातील सुनाम येथे एका व्यापाऱ्याने काळा कुळकुळीत मारवाडी घोडा म्हणून एक जनावर सुमारे 23 लाख रुपयांना घेतले. घरी आणून अंघोळ घातली तो काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि आतून तांबूस, साधारण जातीचा घोडा निघाला! प्रकरण पोलिसांत गेले. लाखोंचा व्यवहार प्रत्यक्ष पाहून करणारा जेथे फसला, तेथे केवळ छायाचित्र पाहून करणाऱ्याची कथा काय?

रंगाइतकीच लपवालपव वयाची होते. घोड्याचे दुधाचे पुढले दात मधल्या जोडीपासून आरंभ करून अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. खालच्या पुढल्या दातांवर काळसर खळगे असतात. ते साधारणपणे सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षी क्रमाने झिजून जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर तापल्या लोखंडाने खोटे खळगे पाडून त्यास तरुण करणारे कारागीर युरोपात होते आणि इकडेही होते. परंतु खळगे पाडता आले तरी ती खाच पुसता येत नाही, हे जाणणारा फसत नाही. जाहिरातीत दात दिसत नाहीत. दिसतो तो 'वय चार वर्षे' एवढा मजकूर.

जातीचेही तेच. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळलेली असतात. मारवाड्याची तर बहुधा एकमेकांस टेकतात. भीमथडीच्या तट्टाची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली आहे. परंतु जाहिरातीत पाहावे तो प्रत्येक घोडा 'अस्सल मारवाडी' असतो. छायाचित्र जमिनीलगत बसून घेतले म्हणजे तट्टूही उंच दिसते. याला जोड मिळते शुभाशुभ लक्षणांची. चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमणीचा भोवरा असलेला भाग्यवान, अशा समजुतींवर हजारो रुपये चढविले जातात. भोवऱ्याने नशीब उघडते की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु भोवरा पाहणाऱ्याचे लक्ष खुराकडे जात नाही, हा विकणाराचा फायदा मात्र रोकडा आहे. लंगडणारा घोडा चित्रात लंगडत नाही. त्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहिले, तर दुखऱ्या पुढल्या पायावर भार येताच तो मान वर उचलतो आणि चांगल्या पायावर मान खाली टाकतो. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. पण तिला घोडा समोर लागतो.

चौथा प्रकार स्वारांच्या जाहिरातींचा. 'परदेशी तबेल्यात स्वार पाहिजेत, पगार उत्तम, राहणे-जेवणे मोफत' असा मजकूर वाचून बेकार तरुणाचे मन हलते, यात नवल नाही. 1983 च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणारा दलाल सरकारात नोंदलेला असावा लागतो. ज्याचा नोंदणी क्रमांक नाही, आणि जो नोकरीआधीच पैसे किंवा पासपोर्ट मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. स्वारीच्या नावाखाली काय घडू शकते याचे उदाहरण आखाती देशांच्या इतिहासात आहे. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान येथील लहान मुले उंटांच्या शर्यतीत स्वार म्हणून नेली जात. हलके वजन हाच त्यांचा गुण आणि तोच त्यांचा शाप. 2005 साली संयुक्त अरब अमिरातीने अल्पवयीन मुलांच्या स्वारीस बंदी केली, आणि उंटांच्या पाठीवर यंत्राचे बाहुले आले. मुलांची सुटका करण्यास यंत्राची वाट पाहावी लागली, हे काही माणसाला भूषणावह नाही. आपल्याकडे रपेट शिकविणाऱ्यांच्या जाहिरातीही डोळसपणे वाचाव्यात. मुलाला पाठविण्यापूर्वी आईबापांनी स्वतः तेथे जाऊन पाहावे. डोक्याला शिरस्त्राण देतात काय, शिकविणारा कोठे शिकला, घोड्याच्या पाठीवर जखमा तर नाहीत ना, या तीन गोष्टींनी निम्मा उलगडा होतो.

या सर्वांहून गंभीर अशी एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. ती म्हणजे रोग. ग्लँडर्स हा घोडे, गाढवे आणि खेचरे यांचा जंतुजन्य रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव येणे, नाकात व्रण पडणे, कातडीवर गाठी येऊन त्या फुटणे ही त्याची लक्षणे; परंतु वरून निरोगी दिसणारे जनावरही रोग बाळगून असू शकते. त्यावर लस नाही. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी देणे बंधनकारक आहे, आणि रोगी ठरलेले जनावर नष्ट करावे लागते. हरियाणात हिसार येथे 1985 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याच्या रक्ततपासणीची सोय आहे. स्वस्त म्हणून दाखल्यावाचून आणलेला घोडा गल्लीतील दुसऱ्या चार घोड्यांना आणि त्यांची खरारा-मालिश करणाऱ्या पोरालाही रोग देऊ शकतो. मग स्वस्त कोण आणि महाग कोण?

येथे कोणाचे काय पणाला लागते, याचा विचार करावा. समजा, एखादा वरातीचा घोडेवाला आहे. तुळशीचे लग्न आटोपले की त्याचा हंगाम सुरू होतो. म्हातारी घोडी थकली, म्हणून त्याने सावकाराकडून पैसे काढले आणि फोनवर पाहिलेल्या पांढऱ्या नुकऱ्या घोडीचा विसार भरला. घोडी आली नाही. हंगाम गेला, व्याज राहिले, आणि थकलेल्या घोडीलाच पुन्हा बँडच्या कलकलाटात रात्रभर उभे राहावे लागले. अशा फसवणुकीत मार दोघांना बसतो. एकाला तोंड आहे, तो तक्रार तरी करू शकतो. दुसऱ्याच्या तोंडात लगाम आहे. आणि जेथे लंगडे, म्हातारे जनावर प्रत्यक्ष गळ्यात मारले जाते, तेथे तर त्याचे हाल अधिकच. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी सुमारे आठ किलो तरी कोरडा चारा लागतो. कमाई न देणाऱ्या जनावराला तो कोण घालणार? ते अखेर रस्त्यावर सोडले जाते.

उपाय अवघड नाहीत. घोडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पाहावयास जाताना पशुवैद्यास किंवा एखाद्या जुन्या घोडेवाल्यास बरोबर न्यावे. त्याचा प्रवासखर्च ही सर्वांत स्वस्त विमापट्टी होय. दात, खूर, श्वास आणि चाल पाहावी. रक्ततपासणीचा दाखला मागावा. कातडीखाली चकती बसविली असेल तर तिचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. खिलजीच्या डागाचे हे आजचे रूप आहे. विक्रीची पावती लेखी घ्यावी आणि तीत वय, रंग, उंची, खुणा यांचा उल्लेख असावा. तोंडी शब्द वाऱ्यावर जातात, कागद न्यायालयात उभा राहतो.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाज धरून गप्प बसू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळविले जाण्यापूर्वी ते अडविता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. आठवडाभराने केलेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडे. विकणारा धंदेवाईक व्यापारी असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचाही आधार आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जाहिरात हे काही पाप नव्हे. दूरच्या प्रामाणिक विक्रेत्याची आणि गरजू गिऱ्हाइकाची गाठ तिच्यामुळे पडते, आणि आडगावच्या घोडेवाल्याला दलालाशिवाय भाव मिळू शकतो. परंतु जाहिरातीने घोड्याचा पत्ता घ्यावा, घोडा घेऊ नये. पत्ता मिळाल्यावर उठावे, प्रवास करावा, तबेल्यात शिरावे आणि जनावराच्या तोंडात बोटे घालावीत. जिभेचा मालक खोटे बोलेल. दात खोटे बोलले तरी पकडले जातात.