ओढणाऱ्याचे बळ आणि ओझ्याचा हिशेब



बैलगाडी भरताना जाणता शेतकरी पोती कशीही टाकीत नाही. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या माना दबतात. हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नसते. अमेरिकेच्या महामार्गांवर मोटारहोमच्या मागे ट्रेलर जोडून निघणाऱ्या प्रवाशालाही नेमका हाच नियम पाळावा लागतो. तो जेथे विसरला जातो तेथे प्राणावर बेतते. म्हणूनच हलका, बंदिस्त ट्रेलर कसा निवडावा, हा वरवर दूरचा वाटणारा विषय विचारात घेण्यासारखा आहे.

मोटारहोम म्हणजे चाकांवरील घर. स्वयंपाकघर, शय्या, स्नानगृह व पाण्याची टाकी या सर्व सोयी त्यात असतात. अमेरिकेतील अनेक निवृत्त दांपत्ये अशा वाहनातून महिनोन्‌महिने प्रवास करतात. परंतु दहा मीटर लांबीचे हे घर बाजारपेठेत नेता येत नाही. त्यासाठी एक लहान मोटार बरोबर घ्यावी लागते. ती चारही चाकांवर ओढता येते, पुढची दोन चाके उचलून ओढता येते किंवा संपूर्ण ट्रेलरवर चढवून नेता येते. कित्येक स्वयंचलित गिअरच्या मोटारी इंजिन बंद असताना चाकांवर ओढल्यास गिअरपेटीत तेल खेळत नाही व ती निकामी होते. अशा मोटारींना ट्रेलरच योग्य. मोटार जुनी व जतन केलेली असेल, तर पाऊस, उडणारे खडे आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ यांपासून रक्षण करणारा बंदिस्त ट्रेलर अगत्याचा ठरतो.

वजनाचे तीन आकडे

निवडीचा आरंभ ट्रेलरच्या दुकानात नव्हे, तर मोटारहोमच्या कागदपत्रांत होतो. तेथे तीन आकडे पाहावयाचे असतात: भरलेल्या मोटारहोमचे कमाल वजन, मोटारहोम व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन आणि मागील हिचची क्षमता. या तिन्हींपैकी जी मर्यादा आधी गाठली जाते, ती निर्णायक होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, मोटारहोमची मर्यादा १०,००० किलो, संयुक्त मर्यादा ११,८०० किलो आणि हिचची क्षमता २,२७० किलो आहे. दोन आसनांची लहान मोटार १,०५० किलोची व रिकामा ट्रेलर तेवढ्याच वजनाचा. दोन्ही मिळून २,१०० किलो. हिचचा आकडा पाहून गृहस्थ निश्चिंत होतो. पण घर काठोकाठ भरून १०,००० किलो झाले असेल, तर एकूण वजन १२,१०० किलो होते, म्हणजे संयुक्त मर्यादेपेक्षा ३०० किलो अधिक. यावर उपाय साधा आहे. ३८० लिटरची पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघावे व मुक्कामी भरावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार, हे घरातील गृहिणीही सांगू शकेल.

जोडावरचा भार

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे १० ते १५ टक्के भार हिचवर पडावा, असा तेथील सर्वमान्य नियम आहे. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे घेतो. जास्त झाला तर मोटारहोमचा मागचा आस दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूवरील ताबा सुटतो. मोटारहोमचा मागील भाग आसापलीकडे बराच लांब असल्याने हा परिणाम अधिकच तीव्र होतो.

वरील उदाहरणात हा भार निदान २१० किलो असावा. पण अशा हिचवर उभा भार बहुधा २२७ किलोपर्यंतच चालतो. म्हणजे सूट अवघ्या १७ किलोंची. हिच व ट्रेलरचे आस यांत चार मीटर अंतर असेल, तर आतील मोटार १० सेंटिमीटर पुढेमागे सरकवताच हा भार सुमारे २६ किलोंनी बदलतो. म्हणून मोटार नेमकी कोठे उभी करावयाची, याची खूण एकदा वजन करून ट्रेलरच्या तळावर कायमची करून ठेवणे, आणि चारही बाजूंनी पट्ट्यांनी ती घट्ट बांधणे, हेच शहाणपणाचे.

धातू, बांधणी आणि ब्रेक

समान आकारमानाचे ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे असते. मात्र त्याचा ताठपणाही जवळजवळ तेवढाच कमी असल्याने तुळया जाड घ्याव्या लागतात. त्यामुळे वजनातील बचत दोनतृतीयांश होत नाही. सहा मीटरचा पोलादी बंदिस्त ट्रेलर साधारण दीड हजार किलोंचा असेल, तर ॲल्युमिनियमचा हजार ते बाराशे किलोंचा असतो. किंमत अर्थातच जास्त पडते. ॲल्युमिनियमच्या प्रवासी ट्रेलरची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. ‘एअरस्ट्रीम’चा ‘क्लिपर’ १९३६ साली आला.

आत शिरल्यावर मोटारीचे दार उघडण्याइतकी जागा आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावे. नाहीतर चालक आतच अडकतो! यासाठी बाजूचे दार उपयोगी पडते. दोन आसांचा ट्रेलर थोडा जड होतो, परंतु एक टायर फुटल्यास तो सावरतो.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. सुमारे १,३६० किलोंवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असावेत, असा बहुतेक राज्यांचा दंडक आहे. ट्रेलर निसटल्यास आपोआप ब्रेक लावणारी कळ व खालून फुलीसारख्या ओवलेल्या साखळ्या हव्यातच. शेवटी, विक्रेत्याने सांगितलेल्या वजनावर न विसंबता भरलेले वाहन वजनकाट्यावर उभे करावे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात मोटारहोम क्वचितच दिसेल. परंतु गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील भारित वजनाची मर्यादा ओलांडता येत नाही. हा नियम केवळ दंडासाठी नाही. उतारावर ओढणारे वाहन मागच्या ओझ्याला रोखू शकेल काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी हंगामापूर्वी ट्रॅक्टरमालकांना एकत्र बसवून नोंदणी पुस्तकातील आकडे वाचून दाखवावेत. ट्रॉलीचे ब्रेक, साखळी व मागील परावर्तक यांची पाहणी करवून घ्यावी. शिक्षकांनी तरफेचा धडा शिकविताना बैलगाडीचेच उदाहरण द्यावे. ओढण्याची ताकद आहे म्हणून ओझे वाढवावयाचे नसते. जेवढे थांबविता येते, तेवढेच ओढावयाचे असते.