उशिरा येणारा संजय

सुटीतलं प्रेम सिनेमावाल्यांना फार आवडतं. चार दिवस परगावी जायचं, तिथं कुणीतरी भेटायचं आणि परतीच्या गाडीत बसताना मन मागंच राहायचं. १९७४ सालचा बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ याच वाटेनं जातो. पण शेवटी जिंकतो तो घरी थांबलेला माणूस, म्हणजे अमोल पालेकरांचा संजय. त्याच्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा हा चित्रपट. कथेत कानपूर आणि कलकत्ता आहे, पडद्यावर दिल्ली आणि मुंबई. दिल्लीची दीपा, म्हणजे विद्या सिन्हा, मुलाखतीसाठी मुंबईला येते. तिथं तिला कॉलेजातला जुना मित्र नवीन भेटतो. दिनेश ठाकूरांचा हा नवीन तिला शहर दाखवतो, तिच्या नोकरीसाठी धडपडतो. टॅक्सीतल्या त्यांच्या फेरफटक्यावर जे गाणं आहे, त्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी तेव्हा जळगावात कॉलेजला होते. आम्ही साऱ्या मैत्रिणी नवीनच्या बाजूच्या! संजय कसला नायक? दीपाला ताटकळत ठेवतो आणि आला की ऑफिसचं, बढतीचं पुराण लावतो. ‘जंजीर’ येऊन वर्षच झालं होतं. नायकानं पडदा दणाणून सोडावा, अशी तेव्हा सगळ्यांचीच अपेक्षा.

पुढं लग्न होऊन धुळ्याला आले. आमचे हे मितभाषी. ‘साडी छान दिसते’ एवढंही कधी म्हणाले नाहीत. आपल्या वाट्याला नवीन आला नाही, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, हे आज कबूल करते. पण कामानिमित्त जळगावला गेले, की येताना पिशवीत भरताची वांगी असायचीच. रात्री उशिरा यायचे, वांगी मात्र विसरायचे नाहीत. माहेरची चव माझ्यापर्यंत पोचवायची त्यांची ती पद्धत होती.

बऱ्याच वर्षांनी ‘रजनीगंधा’ टीव्हीवर लागला, तेव्हा मी पालेकरांकडे नीट पाहिलं. मुंबईत काय घडलं, हे संजयला ठाऊक नाही. आपल्याला मात्र ठाऊक आहे. दुसऱ्या एखाद्या नटानं इथं डोळ्यांत थोडं दुःख आणलं असतं, प्रेक्षकांची सहानुभूती मागितली असती. पालेकर काहीच मागत नाहीत. आपल्याच घरात बसावं तसे बसतात, थोडं ओशाळं हसतात, नेहमीच्या गप्पा मारतात. त्यामुळे संजयच भला, असा निकाल आपल्याला आयता मिळत नाही. निवड दीपालाच करावी लागते, म्हणून ती खरी वाटते. शेवटी तो निशिगंधाची फुलं घेऊन येतो. आपण काय गमावणार होतो, याचा त्याला पत्ताही नसतो.

हा नुसता साधेपणा आहे, असं मात्र समजू नका. १९७७ च्या ‘भूमिका’त हेच पालेकर आपल्या शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या स्मिताचे नवरे झाले आहेत. बायकोच्या कमाईवर जगणारा, संशयी केशव दळवी. अभिनयाची जात तीच, आवाज न चढवणारी. पण इथं तिची भीती वाटते. म्हणजे संजयचा भाबडेपणा आपोआप आलेला नव्हता, तो विचारपूर्वक उभा केलेला होता. सत्यदेव दुबे यांच्याबरोबर रंगभूमीवर काम केलेला आणि बँकेत नोकरी करणारा हा नट. ‘रजनीगंधा’ त्याचा पहिला हिंदी चित्रपट, आणि त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मी ह्यांना म्हटलं, “हा संजय अगदी तुमच्यासारखा आहे.”

हे म्हणाले, “कोण? तो उशिरा येणारा?”

मी म्हटलं, “हो, तोच. येणारा.”