परदेशांतील लग्न : मांडव आणि कायदा

नौपाड्यांत गोखले रस्त्यावरच्या घरीं लग्न ठरलें, कीं पहिली धांदल कार्यालयाची असे. आतां वर लंडनला आणि वधू येथें. तेव्हां सप्तपदी कोणत्या देशांत, हें आधीं ठरवावें लागतें.

तिकडे एखाद्या उपाहारगृहांत होम पेटविला म्हणजे लग्न लागलें, ही समजूत महागांत पडते. इंग्लंडांत नोंदणी कचेरीला 28 दिवसांची पूर्वसूचना आणि कायद्यानें मान्य वास्तु, दोन्ही हवींत. 1998 सालीं पश्चिम लंडनमधील एका उपाहारगृहांत लागलेला निकाह 2020 सालीं तेथील अपील न्यायालयानें विवाहच मानला नाहीं. चार मुलांच्या आईचा पत्नी म्हणून असलेला दावा तेथेंच संपला.

दुसरी वाट भारताच्या 1969 च्या परदेशी विवाह कायद्याची. दोघांपैकीं एक तरी भारतीय नागरिक असावा. एकानें त्या ठिकाणीं 30 दिवस राहून आपल्या वकिलातींतील विवाहाधिकाऱ्यास सूचना द्यावी, आणखी 30 दिवस हरकतींची वाट पाहावी. मग तीन साक्षीदारांसमक्ष, सरकारी वास्तूंत, दारें उघडीं ठेवून विवाह! समुद्रकिनाऱ्याची हौस तेथें भागत नाहीं. शिवाय स्थानिक कायद्याची मनाई असल्यास अधिकारी नकार देऊं शकतो.

त्यापेक्षां घंटाळीजवळचें कार्यालय सोपें. मात्र व्हिसाच्या घाईनें आधीं नोंदणीचा दाखला काढून विधि पुढें ढकलणारांनीं सावध असावें : आवश्यक विधींवांचून नुसत्या दाखल्यानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2024 सालीं सांगितलें आहे. आधीं सप्तपदी, मग नोंदणी, आणि परदेशांत मागतील तर त्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का.