काठ फेकू नका

वेळ थोडा आहे, म्हणून भांडण आधीच काढतो. डीएनएच्या ज्या भागात तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, त्याला ‘कचरा’ म्हणणं सोडा. सुसुमू ओहनो यांनी १९७२ साली हा शब्द रूढ केला, आणि आपले शिकवणीवाले तो अजून फळ्यावर लिहितात!

सह्याद्रीतलं भेकर घ्या, ते कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. त्याच्या चिनी भावंडाला ४६ गुणसूत्रं. आपल्या भेकराच्या मादीला ६, नराला ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची माहीत नाहीत. हे उघड झालं १९७० मध्ये. मग बाकीची गेली कुठे? कुठेच नाही, एकमेकांना जोडली गेली.

तुमच्या आजीची गोधडी उसवून बघा. जुन्या लुगड्याचा काठ खरं तर कडेला हवा, पण तो मध्येच सापडतो. काठावर एकच नक्षी ओळीनं येते, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. काठ मध्ये दिसला की समजायचं, इथे दोन तुकडे जोडलेत. भेकराच्या गुणसूत्रांतही तसंच. टोकाला असायची ती टीटीएजीजीजी ही सहा अक्षरांची माळ, आणि गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळचे पुनरावृत्त क्रम, जोडाच्या ठिकाणी आत सापडतात. हा काठच कचरा म्हणून फेकला असता, तर जोड कळला असता का?

माणसाचंही तेच. वानरकुळातल्या आपल्या नातलगांना, म्हणजे चिंपांझी-गोरिलांना, ४८ गुणसूत्रं. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्राच्या पोटात ती माळ समोरासमोर भिडलेली आहे. म्हणून पुन्हा सांगतो, कचरा म्हणू नका.

पण उलट टोकालाही जाऊ नका. ‘निसर्गात काही वाया जात नाही’ असं म्हणून प्रत्येक अक्षराला कामाला लावणारेही भेटतात. ही गोधडी कुणी बसून शिवलेली नाही. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर सारखेच क्रम असले की पेशीची गफलत होते, त्यातून असे जोड पडत असावेत. आपल्यात ‘आलू’ नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा तुकडा दहा लाखांहून जास्त वेळा आहे. बहुतेक प्रती नुसत्या पडून आहेत. पडून असणं वेगळं, कचरा असणं वेगळं!

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपला. गाईचं राहिलंच. तिच्या डीएनएचा जवळपास चौथा हिस्सा बोव्हबी नावाच्या तुकड्यानं आणि त्याच्या पिलावळीनं भरलाय, आणि त्याचे भाऊबंद साप-सरड्यांत आहेत. म्हणजे तो एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला असावा, आणि मध्यस्थ म्हणून संशय गोचिडीवर. आता गोचीड रक्त पिते ते एकाच जनावराचं नव्हे, म्हणजे...