पचमढीची ट्रम्पेटची शाळा

(रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. लिहून देताना बोलण्यातली काही वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "फौजेतले अनुभव सांगा, पण दहा मिनिटांत." आता अडचण अशी, की फौजेत माझ्या हातात बंदुकीपेक्षा ट्रम्पेट जास्त वेळ होता. त्यामुळं कुणी लढाईच्या गोष्टीची वाट बघत असेल, तर त्यांनी आत्ताच चहाच्या टेबलाकडं जायला हरकत नाही.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराई सुरू झाली, की टेम्पोच्या हौद्यात बसून वाई, भोर, लोणंद, फलटण. अंगात लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, पायात मात्र चपला. पोटाशी ट्रम्पेट धरून झोपायची सवय. वरातीत लोक त्यांच्यावरून नोटा ओवाळायचे, आणि पंगती उठल्या की सगळ्यात शेवटी बँडवाल्यांना वाढायचे, तेही मांडवाबाहेर. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो, त्यामुळं हे पाहिलेलं आहे. म्हणून आईचं एकच म्हणणं, पोरानं बाजा हातात धरायचा नाही.

पण वडिलांचा कान असा, की रेडिओवर गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा वाजवायचे. 'अलबेला'ची गाणी तर त्यांच्या बोटांतच बसली होती. १९५१ चा तो सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्या साथीला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. हा मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. वडिलांना हे नाव ठाऊक नव्हतं. ते नुसतं म्हणायचे, "त्यो जो कोण हाय, त्याची फुंकर पोटातनं येती."

आईच्या नकळत मी शिकलो. १९८४ साली मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झालो, बेळगावला गेलो. एक दिवस विचारणा झाली, वाद्य कोणाला येतं? मी हात वर केला. पुढं रवानगी पचमढीला.

पचमढी म्हणजे मध्य प्रदेशातलं, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. इटारसीवरून रेल्वेनं पिपरिया, तिथून घाटानं वर. फौजेची संगीताची शाळा तिथं आहे, १९५० मध्ये सुरू झालेली. ब्रिटिशांच्या फौजेचे बँडमास्तर इंग्लंडमध्ये नेलर हॉलला तयार व्हायचे, ती शाळा १८५७ ची. आपण स्वतंत्र झाल्यावर आपली शाळा डोंगरात काढली. एका बराकीत नागा, शीख, गढवाली, तमिळ आणि मी. प्रत्येकाचं हिंदी वेगळं, सूर मात्र एकाच कागदावरचे.

शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. पहिल्याच दिवशी उस्तादांनी माझ्या हातातला ट्रम्पेट काढून घेतला आणि नुसता माऊथपीस दिला. "इसमें फूँको." ट्रम्पेट मुळात फुंकून वाजत नाही. ओठ मिटायचे, त्यांतून हवा सोडायची, ओठ थरथरतात. त्या थरथरीचा आवाज दीडेक मीटर नळीतून फिरून बाहेर येतो. तीन कळा फक्त नळीची लांबी वाढवतात. मधली अर्धा सूर खाली नेते, पहिली एक सूर, तिसरी दीड. बाकी सगळं ओठांवर आणि पोटावर.

आणि तिथंच माझं घोडं अडलं. वडिलांनी शिकवलेली पद्धत म्हणजे गाल फुगवायचे आणि ट्रम्पेट ओठांवर दाबून धरायचा. वरातीत आवाज मोठा निघतो. पण दाबल्यानं ओठातलं रक्त थांबतं, अर्ध्या तासात वरचे सूर जातात आणि पुढं ओठ सुजतो. उस्ताद म्हणाले, सगळं विसर, शून्यापासून सुरुवात कर.

बालमित्रांनो, नवीन शिकणं सोपं असतं. शिकलेलं काढून टाकणं भयंकर. पहाटे उठून एकच सूर लांबवत बसायचा, गाल आत ठेवून, आरशात बघून. गेटवर मुलाखतीत गाजवलेला मी, दीड महिना माझ्या ट्रम्पेटमधून रेड्याच्या ओरडण्यासारखा आवाज. ज्यांनी आयुष्यात वाद्य पाहिलं नव्हतं ती पोरं माझ्या पुढं गेली. थंडीनं ओठ फाटलेले, वर मेसमधलं लोणी लावायचं. त्यातच कानावर आलं, की महिन्याभरात सुधारणा दिसली नाही तर परत पलटणीत पाठवतील.

वडिलांना पत्र लिहिलं. रागानंच लिहिलं, आज लाज वाटते. लिहिलं, की तुम्ही मला चुकीचं शिकवलंत आणि आता माझी नोकरी जाणार. वडिलांना लिहिता येत नव्हतं. उत्तर शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात आलं, निळ्या अंतर्देशीय पत्रावर, चार ओळी. उस्ताद सांगतील तसं कर. माझाही ओठ आता तासाभरात सुजतो, गेल्या लग्नात मधेच थांबावं लागलं. मला दाखवणारं कुणी नव्हतं. तू नीट शिकून ये आणि मला दाखव.

ते पत्र अजून माझ्याकडं आहे. त्या महिन्यात गाल आत गेले.

मग कागद वाचायला शिकलो. पाच रेघा, त्यांवर टिंबं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना हे लहानपणीच शिकवत, म्हणून मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक एवढे. प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेट वाजवायचे आणि नोटेशन शिकवायचे, हे मला तिथंच कळलं. ट्रम्पेटवाल्याचा पोरगा एवढा मोठा होतो, हे त्या दिवसांत ऐकून बरं वाटलेलं. पुढं दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटलाही उभा राहिलो. पण ते तुम्ही टीव्हीवर बघता, त्याचं नको.

सांगायचंय ते बिगुलाचं. बिगुलाला कळा नसतात. त्यात पाचच सूर धड निघतात, आपल्या भाषेत सा, प, वरचा सा, ग, प. एवढ्यातच 'लास्ट पोस्ट' वाजते, जवानाला निरोप देताना. चूक झाकायला बाजूला दुसरं वाद्य नसतं.

मी रजेवर असताना आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात जवानाचा अंत्यविधी होता. बिगुलर वेळेत पोहोचत नव्हता, मला बोलावणं आलं. पौषातली सकाळ. पार्थिव यायला उशीर, मग भाषणं. तासभर सावधानमध्ये उभा, हातात गार पितळ. आणि वाजवताना वरचा प फुटला. नुसता चिरकला. पुढचं नीट वाजवलं, पण त्या माउलीच्या समोर माझा सूर फुटला, ते काही परत घेता येत नाही.

वडील गर्दीत होते. घरी येताना एस.टी.त बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "फुटला न्हवं?"

"व्हय."

"पितळ गार पडलं व्हतं. माऊथपीस मुठीत धरायचा, न्हायतर खिशात. जत्रंत छबिन्याला रात्रभर आमी तसंच करतो."

पचमढीला हे आम्हाला सांगितलेलं होतं. मी सावधानच्या नादात विसरलो. मग एस.टी.तच त्यांनी माझा माऊथपीस मागितला आणि गाल आत घेऊन, मी दाखवलं होतं तसं, हळूच फुंकून बघितला. कंडक्टर वळून बघायला लागला.

आता मुद्द्यावर येतो, सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघतायत. बी विंगमधला एक मुलगा गेले चार महिने माझ्याकडं ट्रम्पेट शिकतोय. तक्रारवहीत त्याबद्दल तीन नोंदी आहेत, एकीत "कर्कश" असा शब्द आहे. शब्द बरोबर आहे. त्याचा सध्या तोच रेड्याचा महिना चालू आहे. मागच्या वार्षिक सभेत सराव बंद करण्याचा ठराव आला आणि पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या मुलानं ते ऐकलं आणि आठवडाभर आला नाही.

माझी विनंती एवढीच, की तो ठराव थोडा बदलावा. मागं पंपहाऊसजवळ मोकळी जागा आहे, पलीकडं नुसतं शेत. संध्याकाळी सहा ते सात, परीक्षेचे दिवस आणि कुणाकडं आजारपण असेल ते दिवस सोडून. ट्रम्पेटच्या तोंडात बसणारा म्यूट मी माझ्या पेन्शनमधून आणलाय, आवाज निम्म्यावर येतो. कुणाला त्रास झाला तर त्या मुलाला बोलू नका, ए विंग, तळमजल्यावर माझी बेल वाजवा.

आणि तो मुलगा सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसलाय, मला दिसतोय. उद्या ये रे. माऊथपीस खिशात ठेवून ये, आता थंडी पडायला लागली.

जय हिंद.